मोकळिकीची ओळ

तिमोला क्निदोस या बंदराच्या गावात लोक ओळखायचे ते तिच्या बोटांवरून. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा शिशानं कायमचा काळा पडलेला. राखेनं घासा, आंबलेल्या दारूनं धुवा, तो रंग काही उतरत नसे. बाजारात ती अंजिरं निवडायला वाकली की बायका टोपली मागं ओढायच्या.

"मावशी, फळाला हात नको लावू गं. नासतील ना आमची अंजिरं!"

आणि खदाखदा हसायच्या. तरुणपणी तिमोही त्यांच्याबरोबर हसायची. साठी आली तसा तिला त्या हसण्याचाही शीण व्हायला लागला. ती मुकाट्यानं बोट दाखवायची, हे दे, ते दे, आणि घरी यायची.

तिचं काम होतं गावाच्या वर, कड्याखालच्या देवीच्या ओट्यावर. देमेतेरआई आणि तिची लेक, दोघींचं ठाणं तिथं. खाली दोन्ही बंदरं दिसतात, आणि वारा असा की डोक्यावरचा पदर दातात धरून बसावं लागतं. भिंतीशी एक बसका दगड होता, तो तिमोचा. मांडीवर फळी, फळीवर शिशाचा पातळ पत्रा, हातात काशाची टोचणी. बाई यायची, पुढ्यात बसायची, आधी रडायची, मग सांगायची. हमामात ठेवलेली शाल नाहीशी झाली. ठेवायला दिलेलं कंकण नणंदेनं परत दिलं नाही. नवरा दुसरीच्या नादी लागला. तिमो ऐकून घ्यायची आणि त्या सगळ्या रडारडीचं पाच-सहा ओळींचं गाऱ्हाणं करून पत्र्यावर टोचायची. मग पत्र्याला भोक, भोकात खिळा, आणि पत्रा भिंतीवर. तिथून पुढं ती गोष्ट देवीची. ज्यानं केलं असेल त्याला ताप चढावा, आतून भाजून निघावं, आणि त्यानं घरच्यांना घेऊन वर यावं, चारचौघांत कबूल करावं. कबूल केलं की सुटला.

लिहायला-वाचायला तिला बापानं शिकवलं होतं. तो बंदरावर दारूचे रांजण मोजायचा. मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली आर्खो पाटी पाहिली की पळून जायची, तेव्हा धाकटीला बसवलं. क्निदोसात लिहिता येणारे पुरुष पुष्कळ. पण नवऱ्याचं गाऱ्हाणं कोणती बाई पुरुषाकडून लिहून घेईल? म्हणून तिमोचं चाललं. तीस वर्षं चाललं. कोणी अंडी द्यायची, कोणी चीज, कोणी लोकर.

गाऱ्हाण्याची शेवटची ओळ मात्र ती कोणालाही गाळू देत नसे. ती मोकळिकीची ओळ. 'मला मात्र त्या माणसाबरोबर एका छपराखाली राहायला, एका ताटात जेवायला, एका हमामात न्हायला मोकळीक असो.' कारण गुन्हेगार कोण हे ठाऊक नसताना गाऱ्हाणं घातलं, तर शापलेल्या माणसाशेजारी आपणच नकळत जेवायला बसायचो, आणि त्याच्या अंगावरची आग आपल्याला लागायची.

एकदा एक नवी सून आली होती, शेजारच्या बोइस्काची. नाकाचा शेंडा लाल करून म्हणाली, "ती ओळ नको, मावशी. माझी शाल नेली त्या मेलीच्या ताटात मी कशाला जेवू?"

"बरं, नको." तिमो म्हणाली. "पण मेली तुझी सासू निघाली तर?"

सुनेनं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "लिही. ठळक लिही."

तिमोचा नवरा थेरोन रांजण घडवायचा. माणूस गरीब, हाताला गुण चांगला. दोन मुलं झाली, दोन्ही लहानपणीच गेली. मग थेरोनच्या पोटात पाणी धरलं. दोन वर्षं अंथरुणावर होता. पोट रांजणासारखं, हातपाय काटकुळे. शेवटी शेवटी नुसता कण्हायचा. वैद्यानं अफूचं औषध दिलं होतं, मधात घोटलेलं, बोराएवढी गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी. ते तिमोच द्यायची. त्याला उठवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तिनंच केलं. तो गेला त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. त्याच्या पुढच्या वर्षी आर्खोही विधवा झाली, बोचकं घेऊन धाकटीकडं आली, आणि दोघी बहिणी दोन खोल्यांच्या घरात राहायला लागल्या.

आर्खो म्हणजे बोलघेवडी. सकाळी पाण्याला गेली की दुपारी परत यायची. झऱ्यावर, धुण्याच्या हौदावर, भट्टीपाशी, जिथं चार बायका तिथं आर्खो. तिमो दिवसभर दुसऱ्यांचं रडणं ऐकून दमून यायची, तर घरी ही बडबड.

"अगं, ऐकतेस का?"

"ऐकते."

"काय म्हणाले मी?"

"काहीतरी म्हणालीस."

"बघ! भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान जांभया देत नाही."

पण आर्खो सूप चांगलं करायची, आणि वरून आलेल्या तिमोचे गुडघे तेल लावून चोळून द्यायची. चोळतानाही बोलायची. तिमो तशीच बसल्या बसल्या झोपायची. त्या झोपेसारखी झोप तिला दुसरी कुठं लागत नसे.

त्या वर्षी द्राक्षांचा हंगाम संपता संपता तिमोच्या लक्षात आलं की बायका कमी यायला लागल्या आहेत. आधी वाटलं, कामाचे दिवस आहेत. मग एकदा तिच्यासमोरून एक बाई ओटा चढून आली, तिला पाहिलं, पदर पुढं ओढला आणि खाली बंदरातल्या लेखनिकाकडं गेली. पुरुषाकडं! तिमो शेजारणीकडं, बोइस्काकडं गेली आणि म्हणाली, "काय झालंय सांग. तुला माहीत असणार."

बोइस्का तोंडात बोट घालून उभी राहिली. तिला सांगायचंही होतं आणि सांगायचं नव्हतंही.

"तू रागावशील."

"रागवायचं त्राण नाही माझ्यात. बोल."

"बायका म्हणतात, तू थेरोनला औषध दिलंस."

क्निदोसाच्या बोलीत औषधाला आणि विषाला एकच शब्द. ज्याच्या मनात जे असेल ते तो ऐकतो. पण बोइस्कानं तो शब्द ज्या हळू आवाजात उच्चारला, त्यात दुसरा अर्थ निघायला जागाच नव्हती.

"कोण म्हणतं?"

"सगळ्याच म्हणतात. आणि म्हणतात, जिचे हात असले, तिनं आईच्या भिंतीवर लिहायचं?"

दुसऱ्या दिवशी तिमोनं स्वतःसाठी पत्रा घेतला. तीस वर्षांत तिनं स्वतःसाठी एकही लिहिला नव्हता. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं झाली होती, दोन्ही परगावची. मान आखडली होती, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी येत होतं. आई देमेतेर, लेक, दोघींची नावं घातली. मग टोचलं, 'ज्या कुणी म्हटलं की तिमोनं नवऱ्याला औषध दिलं.' पुढं ताप, भाजणं, वर येणं, कबूल करणं. हे सगळं हातानं आपसूक लिहिलं.

मग शपथेची ओळ आली. आळ आलेल्या बाईला ही ओळ घालावीच लागते. 'मी तसं केलं असेल तर हे माझ्यावर उलटो.' शंभरदा लिहिली असेल तिनं. तिथं टोचणी थांबली. सावली भिंतीवरून दगडावर आली तरी तिमो बसून होती. अखेर तिनं लिहिलं, 'मी जाणूनबुजून तसं केलं असेल तर.' जाणूनबुजून. एवढा एक शब्द तिनं पदरचा घातला. तो लिहून झाला तेव्हा एखादी पाटी भरून दगड डोक्यावरून वाहून आणावेत तशी ती थकली होती. पत्राही काठापर्यंत भरला होता. तिनं भोक पाडलं, खिळा ठोकला, आणि एक एक पायरी बसत उठत खाली आली.

अकराव्या दिवशी आर्खोला ताप चढला.

पहिल्या दिवशी तिमोनं पुदिना घालून जवाचं पाणी केलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी ताप वाढला. आर्खोचे ओठ फुटले, डोळे तांबारले. बोइस्का दारापर्यंत आली, आत डोकावली आणि उंबऱ्यावरच थांबली. हातातलं डाळीचं भांडं तिनं जमिनीवर ठेवलं.

"मावशी, जरा बाहेर ये."

तिमो बाहेर आली.

"तू वर पत्रा लावलास ना? सगळ्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतलाय." बोइस्का म्हणाली. "मी तेव्हा नाव घेतलं नाही, बहिणी-बहिणींत कशाला म्हणून. पण आता ताप आलाय. ते हौदावर पहिल्यांदा आर्खोच बोलली होती."

"काय बोलली?"

"की शेवटचं औषध तिमोनंच दिलं आणि थेरोन घटकाभरात गेला."

तिमो आत गेली. आर्खो भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"ताई, तू हौदावर काय म्हणालीस?"

"मी पुष्कळ म्हणते. कधी?"

"थेरोनला मी औषध दिलं म्हणालीस?"

"दिलंसच की!" आर्खोनं त्या तापातही मान वळवली. "नाही दिलंस? मग काय कालवण दिलंस? मी तुझं कौतुक सांगत होते. त्या फिलिस्कोची सून नवऱ्याला टाकून माहेरी गेली, तर मी म्हटलं, बायको असावी आमच्या तिमोसारखी, शेवटचं औषधसुद्धा तिनंच स्वतःच्या हातानं दिलं आणि तो सुटला बिचारा. त्यात काय चुकलं?"

तिमो खाली बसली. मग एकदम उठली. तिला काहीतरी आठवलं होतं. तिनं काठी घेतली आणि भर उन्हाची ती ओट्यावर गेली. स्वतःचा पत्रा भिंतीवर शोधला. वाचला. पुन्हा वाचला. बोट लावून शेवटची ओळ शोधली.

मोकळिकीची ओळ नव्हती.

शपथेशी झगडण्यात ती ओळ लिहायचीच राहून गेली होती. ज्या तिमोनं तीस वर्षं प्रत्येक बाईला बजावलं, तिनं स्वतःच्याच गाऱ्हाण्यात ती घातली नव्हती. आणि त्या गाऱ्हाण्याखाली तिची बहीण सापडली होती. हेतू वाईट नव्हता, पण पत्र्यावर हेतू लिहिलेला नव्हता. पत्र्यावर होतं, 'ज्या कुणी म्हटलं.' आर्खोनं म्हटलं होतं.

तिनं खिळ्याला हात घातला. मागून पुजारीण फिलोता म्हणाली, "तिमोमावशी."

फिलोता चाळिशीची, तिमोपेक्षा कितीतरी लहान. तिला गाऱ्हाण्याच्या ओळी तिमोनंच शिकवल्या होत्या.

"काढायचा नाही. तुम्हीच सांगता ना, टांगला की आईचा झाला."

"माझी बहीण आहे, फिलोता."

"मला कळतंय."

"मी तिच्याबरोबर घरात कशी राहू? पाणी कसं देऊ? मोकळीक नाही त्यात."

फिलोताला तरी काय ठाऊक असणार? असली चूक भिंतीवर आजवर कोणी केली नव्हती. शेवटी म्हणाली, "तिला वर आणा. कबूल करू दे. त्याशिवाय मला दुसरी वाट दिसत नाही."

तिमो घरी आली आणि दाराशी उभी राहिली. आत आर्खो पाणी मागत होती. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. ती घाबरली होती, आणि ती स्वतःसाठी घाबरली होती, हे तिला लपवता येईना. तिनं बोइस्काला हाक मारली. दोघींनी खाट उचलून अंगणात बदामाच्या झाडाखाली आणली. झाड म्हणजे काही छप्पर नव्हे. आभाळाखाली बसलं तर एका छपराखाली बसल्यासारखं होत नाही, असं तिमोनं मनाशी ठरवलं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तिनंच ठरवलं.

तीन दिवस असे गेले. तिमो वेगळ्या वाडग्यात जवाचं पाणी आणायची, खाटेच्या पायथ्याशी ठेवायची आणि मागं सरकायची. आर्खोचा हात पोचायचा नाही. मग काठीनं वाडगा पुढं ढकलायची.

"शेळीला असं देतात." आर्खो म्हणाली.

"ताई, गप्प पड."

"मी शेळी, तर तू काय? लांडगा? लांडगा तरी जवळ येतो."

बोइस्का अधूनमधून येऊन कूस बदलून द्यायची. पण तिचीही घरची कामं होती. तिसऱ्या दिवशी वारा उठला, तो समुद्रावरून सरळ अंगणात. आर्खो खोकायला लागली. पांघरूण उडायचं आणि तिमो चार हातांवरून बघत बसायची. जिनं तिचे गुडघे चौदा वर्षं चोळले, तिच्या अंगावर पांघरूण घालायलाही ही उठत नव्हती. पंधरा वर्षांपूर्वीचे दिवस पुन्हा आल्यासारखं झालं. तेच कण्हणं, तेच वाडगे, तेच जागरणानं जड झालेलं डोकं. फक्त तेव्हा ती जवळ होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं बोइस्काचं गाढव मागितलं.

आर्खोला गाढवावर बांधूनच न्यावं लागलं. बोइस्का एका बाजूनं धरून, तिमो पुढं दोरी घेऊन. वाटेत आर्खो म्हणाली, "थेरोनच्या लग्नात नवरी म्हणून तुला गाढवाच्या गाडीतून नेलं होतं. मला नुसतं गाढव. माझं नशीबच तसलं."

ओट्यावर पाच-सात बायका होत्या. बातमी त्यांच्या आधी वर पोचली असावी. फिलोतानं आर्खोला भिंतीशी, पत्र्याखाली बसवलं. तिमोच्याच दगडावर.

"आर्खोबाई, आईपुढं कबूल करा."

"करते ना. मी म्हटलं. तिमोनं थेरोनला औषध दिलं, असं मी हौदावर म्हटलं." आर्खोला धाप लागली. "पण मी औषध म्हणजे औषधच म्हणत होते, बाई. माझी बहीण असलं काही करणारी नाही. त्याला तळहातावर जपलं तिनं. तिनं चूक केली असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही. हे मी आईच्या पायावर हात ठेवून सांगते."

आणि खरंच तिनं हात पुढं केला.

"ताई, नको." तिमो म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, आर्खो कबूल करील, सुटेल, आणि आपण घरी जाऊ. पण आता आर्खो तिच्यासाठी शपथ घेत होती, आणि ती शपथ खरी होती की नाही हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिमोलाही नाही.

"थेरोन गेला त्या दिवशी सकाळची गोळी मी दिली होती." ती म्हणाली. आवाज असा निघाला की जणू दुसऱ्या कोणाचं गाऱ्हाणं वाचून दाखवतेय. "मग मी बसल्या बसल्या झोपले. किती वेळ ते कळलं नाही. तो कण्हायला लागला म्हणून जागी झाले. ऊन होतं. मला कळेना, ही सकाळ आहे की दुपार. गोळी दिली की द्यायची आहे. मधाचा वाडगा पुढ्यात होता. मी दिली. परत कण्हला, तेव्हा आणखी एक दिली की ती मला स्वप्नात दिलेली वाटते, ते मला आजही सांगता येत नाही. शेळ्या परत यायच्या आत तो गेला. मी मारायला दिली नाही. पण तो कण्हायचा थांबला तेव्हा मला बरं वाटलं. आधी बरं वाटलं, मग रडू आलं. म्हणून पत्र्यावर 'जाणूनबुजून' असा शब्द घातला. तो शब्द गाऱ्हाण्यात नसतो. तो मी घातला."

एक बाई उठली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. बाकीच्या बसून राहिल्या. बोइस्कानं गाढवाच्या मानेवर हात ठेवला आणि खाली बघत राहिली.

फिलोतानं तिमोला आईच्या मूर्तीपुढं नेलं, हातावर पाणी घातलं, डोक्यावर जवाचे दाणे टाकले. म्हणाली, "कबूल केलंत. माझ्याकडून एवढंच होतं. पुढचं आई बघेल." मग थोडी अडखळून म्हणाली, "पण मावशी, ती ओळ राहिली आहे. ती तरी घालून घ्या."

तिमो दगडापाशी आली. दगडावर आर्खो होती, म्हणून ती जमिनीवरच बसली. फळी मांडीवर, नवा पत्रा, छोटा. टोचणी टेकवली आणि थांबली. मोकळीक मागायची ती जिचं नुकसान झालं तिनं. आजवर ती समजत होती की नुकसान आपलं झालं. आता आपलीच गोष्ट चारचौघांत सांगून बसल्यावर मोकळीक कोणी कोणासाठी मागायची?

"काय झालं?" आर्खोनं विचारलं.

"ही मला लिहिता येत नाही. ही तू मागायची आहेस."

"मी?"

"माझ्याबरोबर राहायला. जमत असेल तर. नसेल जमत तर बोइस्काकडं राहा, मी बोलते तिच्याशी."

आर्खो बराच वेळ बोलली नाही. तिमोच्या आठवणीत ती एवढा वेळ गप्प कधीच बसली नव्हती. तापानं तांबारलेले डोळे तिनं मिटून घेतले. तिमोला वाटलं, झोपली की काय.

"चौदा वर्षं." आर्खो डोळे मिटूनच म्हणाली. "मी रोज तुझे गुडघे चोळत होते. एवढी बडबड करत होते. एकदा तरी तोंड उघडायचंस."

"तू बोलत होतीस. मध्ये कुठं बोलू?"

"तेही खरंच." आर्खोला खोकला आला, तो ओसरल्यावर म्हणाली, "लिही. मला येत नाही म्हणून तू लिही, पण माझ्या नावानं. 'मी आर्खो. माझी बहीण तिमो. मला तिच्याबरोबर एका छपराखाली राहायला मोकळीक असो. एका ताटात जेवायला मोकळीक असो.'"

"'एका हमामात न्हायला'," तिमोनं सवयीनं पुढची ओळ सांगितली.

"ते नको. तू पाणी सांडतेस."

कोणीतरी हसलं. बोइस्काच असावी. तिमोनं मात्र ते न्हायचंही लिहिलं, कारण ओळ अर्धी लिहीत नाहीत. अक्षरं वाकडी आली. तीस वर्षांत एवढी वाकडी अक्षरं तिनं भिंतीवर लावली नव्हती. फिलोतानं खिळा दिला, तो तिनं पहिल्या पत्र्याशेजारी ठोकला. पहिला पत्रा तसाच राहिला. तो आता आईचा होता.

खाली उतरायला दुपार झाली. घराशी आल्यावर बोइस्कानं विचारलं, "खाट अंगणात ठेवू?"

"आत." तिमो म्हणाली.

तिनं आर्खोला खांद्याचा आधार देऊन आत नेलं, भिंतीकडच्या कुशीवर झोपवलं, आणि बोइस्कानं तेवढ्यात आणून दिलेली डाळ एकाच वाडग्यात घेऊन खाटेच्या काठाशी बसली. पहिला घास आर्खोला, दुसरा आपल्याला. आर्खोनं दोनच घास खाल्ले. ताप तसाच होता. तो त्या दिवशी उतरला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी घाम फुटला आणि अंग गार पडलं, आणि आर्खोनं पहिलं काय मागितलं तर हौदावर कोण कोण आलं होतं त्याची खबर.

बायका परत यायला लागल्या, पण सगळ्या नाहीत. काही अजून बंदरावरच्या लेखनिकाकडंच जातात. तिमो त्यांना नावं ठेवत नाही. ती रोज वर जाते, दगडावर बसते, येईल तिचं लिहून देते. शपथेची ओळ आली की ती टोचणी थांबवते आणि समोरच्या बाईकडं बघते.

"नीट आठव," ती म्हणते. "घाई नाही. मी बसलेय."

बाई आठवत राहते. तिमो भिंतीला डोकं टेकते. कधीकधी तेवढ्यात तिचा डोळा लागतो, आणि बाई समजूतदार असली तर तिला उठवत नाही.